कळसाच्या गोळ्यातलं पान

गोर्लिट्झ, ४ मार्च २०२४

प्रिय रोसविता,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच टाकून देशील, म्हणून पत्ता टाइप करून चिकटवला आहे. सव्वीस वर्षांनी भाऊ पत्र लिहितो ते कामाशिवाय नाही, हे तू ओळखलंच असशील. काम असं आहे.

बाबांच्या कबरीची मुदत संपली. पंचवीस वर्षं होती, ती डिसेंबरात भरली. जानेवारीत कबरस्तानाच्या कचेरीनं दगडावर हिरवी चिठ्ठी चिकटवली, ‘नातेवाइकांनी संपर्क साधावा.’ मुदत वाढवली नाही तर दगड उचलतात, जमीन सपाट करतात आणि गवत पेरतात. आईची जागा तर केव्हाच गेली, तिथे आता दुसरं कुणी आहे. मुदत वाढवायला माझी एकट्याची सही पुरते. पण आपण दोघंच उरलो आहोत, तुला न विचारता करणं बरं वाटलं नाही. फॉर्म सोबत आहे. मयताशी नातं लिहायचं आणि खाली सही करायची, एवढंच.

बाकी माझं ठीक. अजून गाईडचंच काम करतो, आठवड्यातून चार दिवस. गुडघे कुरकुरतात, तोंड चालतं. फेब्रुवारीतल्या वादळानं आपल्या नदीकाठच्या चर्चच्या मनोऱ्यावरचा क्रूस वाकला. खालचा सोनेरी गोळाही तिरका झाला आहे. चर्चची देखरेख करणारा आल्विन म्युके तुला आठवत असेल. ऐंशीचा झाला, पण जीभ तशीच. मला म्हणाला, “तुझ्या बापानं ठोकलेलं वादळालासुद्धा निघत नाही रे! वाकलं, पण सुटलं नाही. आताच्या लोकांचे पत्रे शिंकलं तरी उडतात.”

दुरुस्तीसाठी गोळा खाली उतरवावा लागेल म्हणतात. तुला त्यात काय रस असणार. सहज लिहिलं.

तुझा भाऊ
एकार्ट


गोर्लिट्झ, २ एप्रिल

प्रिय रोसविता,

तुझं कार्ड ईस्टरच्या आदल्या दिवशी आलं. ब्रेमेनचं बंदर सुंदर दिसतं. मागचा मजकूर मला आता पाठ आहे. ‘सही करणार नाही. माझ्या बाजूनं दगड उचलू देत. १४ जूनला आमच्या चालणाऱ्या बायकांचा गट तिकडे येतोय, बावीसजणी. मला शहर बघायचंय, तुझं तोंड नाही. पर्यटन कचेरी म्हणते की गाईड तूच आहेस. तर काम नीट कर.’

काम नीट करीन. पण एक सुचवतो. जूनमध्ये उकाडा असतो, बसगाड्यांची गर्दी असते आणि दुपारच्या जेवणाला कुठे जागा मिळत नाही. सप्टेंबर फार चांगला. हवा गार, आणि आलुबुखाराचा केक ताजा मिळतो.

जूनच हवा असेल तर बेत असा आहे. सकाळी नगरभवनाचा जिना. मग बाजारचौकातली ती घरं, जी पूर्व जर्मनीच्या शेवटच्या वर्षांत सुरुंग लावून पाडणार होते. भिंतींना भोकंही पाडून झाली होती. आता त्याच घरांपुढे लोक रांग लावून फोटो काढतात. मग फितुरांची गल्ली. दारावरची ‘फितुरांच्या टोळीचं दार’ अशा अर्थाची चार अक्षरं आणि १५२७ हा आकडा दाखवून मी कापड विणणाऱ्यांच्या कटाची गोष्ट सांगतो. मनोऱ्याचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं, म्हणून कटवाले पहारेकऱ्यांच्या हाती सापडले, असं सांगतात. दर खेपेला कुणीतरी विचारतंच, “पण बातमी फोडली कुणी?” माझं उत्तर ठरलेलं आहे. म्हणतो, “बंड करणाऱ्यांना फितूर म्हणून गल्लीला नाव दिलं. त्यांची बातमी फोडणाऱ्याला काय म्हणायचं, ते दारावर लिहिलेलं नाही.” लोक हसतात. गेली बावीस वर्षं हसतायत.

शेवटी कुजबुजीची कमान. एकानं डाव्या खांबाच्या खाचेत पुटपुटायचं, दुसऱ्यानं उजवीकडे कान लावून ऐकायचं. तिथलं तुला मी काय सांगणार. आई गेल्यावर तू मला तिथेच उभं करून उजळणी घ्यायचीस आणि चुकलो की पलीकडून खाचेत शिव्या घालायचीस.

संग्रहालय मात्र त्या दिवशी वगळू या. बायका दमतात.

आणखी एक. गोळा उतरवला. आत तांब्याची नळी आहे, १९८५ साली बाबांनी स्वतः झाळून बंद केलेली. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. मनोरा दुरुस्त करणाऱ्यांनी आपल्या काळाचं काहीतरी आत ठेवायचं, आधीच्यांचं आहे ते तसंच राहू द्यायचं, आणि पुढच्यांनी उघडून सगळ्यांपुढे वाचायचं. पन्नास-पाऊणशे वर्षं कुणी हात लावत नाही. म्हणून तर माणसं मोकळेपणानं लिहितात. ही नळी एकोणचाळीस वर्षांतच खाली आली. १७ मेला चर्चमध्ये उघडणार आणि जूनपासून, गोळा परत चढेपर्यंत, सगळं संग्रहालयात काचेखाली ठेवणार. जुनी लिपी मला वाचता येते, म्हणून वाचायला मलाच बसवलं आहे.

सप्टेंबरचा विचार कर.

एकार्ट


गोर्लिट्झ, १८ मे

प्रिय रोसविता,

तुझं उत्तर नाही, म्हणजे जूनच.

काल नळी उघडली. सत्तरएक माणसं आली होती. संग्रहालयाच्या फ्राउ हेर्त्सोग म्हणून आहेत, वयानं आपल्या मुलीएवढ्या, त्यांनी बारीक करवतीनं झाकण कापलं. बाबांचा झाळ इतका सफाईदार होता की त्यांनी कापण्याआधी त्याचा फोटो काढला. मला पांढरे हातमोजे दिले. एकेक कागद काढायचा, मोठ्यानं वाचायचा आणि त्यांच्या हाती द्यायचा. त्या क्रमांक घालत होत्या.

१७९६ चा कागद निघाला, पाद्रीबुवांची प्रार्थना. १८५२ मधली कारागिरांची यादी. १९०८ साली कुणा तांबटानं लिहून ठेवलं होतं, ‘हवा वाईट. बिअर त्याहून वाईट. मालक सगळ्यांत वाईट.’ चर्चमध्ये एवढा हशा मी कधी ऐकला नव्हता. १९८५ चं वर्तमानपत्र, त्यात सगळं झकास चाललेलं. मग त्या वर्षी छपरावर काम केलेल्यांची यादी, पहिली सही बाबांची. माझं नाव सर्वांत खाली. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकत होतो, वीस वर्षांचा. इथवर तेरा कागद झाले.

चौदावं होतं शाळेच्या वहीतलं चौकटीचं पान, चारदा घडी घातलेलं. मी उघडलं आणि परत घडी घालू लागलो.

“काय रे एकार्ट,” म्युके पहिल्या बाकावरून ओरडला, “दोनशे वर्षांपूर्वीचं घडाघडा वाचलंस, आणि वहीच्या पानाला अडलास?”

“अक्षर वाईट आहे.”

“आण इकडे. मी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचतो.”

“घरगुती मजकूर आहे हो. नंतर बघू.”

“घरगुतीच तर ऐकायला आलोय आम्ही! प्रार्थना काय, रोजच्याच आहेत!”

लोक पुन्हा हसले. फ्राउ हेर्त्सोगनी पान हळूच माझ्या हातातून घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि कार्डावर लिहीत लिहीत पुटपुटल्या, “क्रमांक चौदा. एक पान, दोन हस्ताक्षरं. वर शाई, खाली पेन्सिल. लेखक अज्ञात.” मग माझ्याकडे पाहिलं. “अज्ञातच ना, हेर पीचमन?”

“अज्ञात,” मी म्हणालो.

खाली पेन्सिल असेल हे मला माहीत नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसलो. लोकांना वाटलं उकाड्यानं झालं असेल. कुणीतरी पाणी आणून दिलं.

तू संग्रहालयात गेलीस तर हे कागद ठेवणार आहेत त्या तिसऱ्या कपाटात बघण्यासारखं काही नाही. पहिल्या कपाटात सुंदर चांदीचे पेले आहेत.

एकार्ट


गोर्लिट्झ, २७ मे

रोसविता,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मग काय करायचं ते कर.

आज सकाळी फ्राउ हेर्त्सोग घरी आल्या. कॉफी नको म्हणाल्या. “यादीतली पहिली सही आणि चौदा नंबरची पेन्सिल, अक्षर एकच आहे. तुमचे वडील ना?”

“हो.”

“आणि शाई?”

मी उठून खिडकी लावली.

“हेर पीचमन, मी पोलीस नाही,” त्या म्हणाल्या. “लेबलं पुढच्या सोमवारी छापायला जातात, म्हणून विचारते. ‘अज्ञात’च ठेवू?”

मी म्हणालो, रविवारपर्यंत सांगतो. त्या गेल्या आणि मी हा कागद काढला. शाई माझी आहे. त्या कपाटासमोर उभी राहिलीस तर तू दोन्ही अक्षरं बघताक्षणी ओळखशील. म्हणून काचेच्या आधी माझ्याकडून तुला कळायला हवं. खरं तर चाळीस वर्षं आधी कळायला हवं होतं.

जून १९८४. तुझं फोल्कमारवर मन बसलं होतं. तू मला कमानीपाशी नेलंस आणि उजव्या बाजूनं सांगितलंस, “हंगेरीतून पश्चिमेकडे पळून जाणार, ऑगस्टमध्ये. आधी फोल्कमार, मागून मी. त्यानं होकायंत्र घेतलंय. बाबांना बोलू नकोस, धाकट्या.” मी डावीकडून म्हणालो, “बरं.”

दोन आठवड्यांनी, बाबा नसताना, कारखान्यात मला गुप्त पोलिसांची दोन माणसं भेटायला आली. त्यांनी मला मारलं नाही, धमकावलं नाही. कॉफी पाजली. “तुझ्या बहिणीची आम्हाला काळजी वाटते,” म्हणाले. मी त्यांना हंगेरी सांगितलं, ऑगस्ट सांगितला, होकायंत्र सांगितलं. मला वाटलं, फार तर तुम्हाला हंगेरीचा परवाना नाकारतील. तू महिनाभर रडशील आणि राहशील. आई गेल्यावर मला तूच वाढवलंस, आणि तू मला टाकून एका माणसाबरोबर जाणार होतीस. त्याचा मला राग आला होता. बाकी कारणं मी पुढे वर्षानुवर्षं रचत गेलो. खरं कारण एवढंच आहे.

त्यांनी फोल्कमारला सरहद्दीवर उचललं. वीस महिने तुरुंगात ठेवलं आणि तिथूनच पश्चिम जर्मनीत धाडून दिलं. पुढे तूही गेलीस, पण तुला मिळाला तो तुरुंगानं बदललेला माणूस. बंद दाराच्या खोलीत त्याला झोप येत नाही, असं तू मावशीला लिहिलं होतंस. तीन वर्षांत तुमचं मोडलं. ते मी मोडलं.

त्याला पकडल्याची बातमी आली तेव्हा आपण जेवत होतो. आदल्याच रविवारी बाबा चिडून बोलले होते, “हा पोरगा सरहद्दीपर्यंतसुद्धा पोचायचा नाही, लिहून ठेव.” त्यांना तुझा बेत माहीत नव्हता. होणारा जावई नावडता होता, म्हणून आपलं बोलले. पण तू बाबांकडे वळून बघितलंस. मी सूपकडे बघत होतो. त्या दिवसापासून तू त्यांच्याशी बोलली नाहीस.

१९९३ साली तुला गुप्त पोलिसांनी तुझ्यावर ठेवलेली फाइल बघायला मिळाली. त्यातल्या एका पानाची नक्कल तू बाबांना पाठवलीस, सोबत एक शब्दही नव्हता. ‘कुटुंबातून मिळालेली माहिती’ या ओळीखाली लाल रेघ होती. बाबांनी ती उभ्यानं वाचली, घडी केली आणि अवजारांच्या खणात ठेवली. मी विचारलं, “काही उत्तर लिहायचं का?” ते म्हणाले, “जेवायला बस. गार होतंय.”

मला वाटलं त्यांना काही कळलेलं नाही. त्यांना आठ वर्षं आधीपासून सगळं माहीत होतं.

सप्टेंबर १९८५ मध्ये नळी बंद करायच्या आदल्या दिवशी मी ते पान लिहून आत सरकवलं. छातीवरचा दगड कुठेतरी ठेवायचा होता आणि गावातली सर्वांत उंच, सर्वांत बंद जागा तीच होती. शंभर वर्षांनी कुणी वाचलं तर वाचलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर चर्चचा मनोरा होता. माझी अक्कल बघ. नळी झाळणार बाबा. झाळण्याआधी आतले कागद मोजून यादी करायची, ही त्यांची शिस्त. मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं काढली होती आणि नेमकं हेच विसरलो.

माझं पान असं आहे. ‘मी माझ्या बहिणीचं गुपित फोडलं. तिचा माणूस तुरुंगात आहे. ती समजते की हे बापानं केलं. मी गप्प आहे. हे वाचाल तेव्हा आम्ही कुणीच नसू, म्हणून लिहायची हिंमत झाली.’

खाली बाबांची पेन्सिल. छपरावर खुणा करायची ती जाड, चपटी.

‘वाचलं. तिनं मला दोषी धरलंय, धरू दे. बाप आज ना उद्या जायचाच. पोरीला पुढे भाऊ लागेल. अ. पीचमन, तांबट.’

त्यांनी पान फाडलं नाही, कारण गोळ्यात ठेवलेलं काढायचं नसतं. मला एका शब्दानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कळस चढवताना मी शिडी धरली होती. ते वरून म्हणाले, “नीट धर,” एवढंच. तेरा वर्षं आम्ही रोज एका टेबलावर जेवलो. त्यांच्या अंत्ययात्रेला तू आली नाहीस, फूलही पाठवलं नाहीस. मी तुझी जागा मोकळी ठेवून उभा होतो आणि लोकांना सांगत होतो, तिची तब्येत बरी नाही.

त्यांनी तुझ्यासाठी एक भाऊ राखून ठेवला. मी तोही झालो नाही. याची मला लाज वाटते, रोसविता. बाबांची आठवण येते आणि तोंड लपवावंसं वाटतं.

लेबल मी बदलायला सांगतो. ‘एकार्ट पीचमन याचा कबुलीजबाब, १९८५. खाली त्याचे वडील अर्विन पीचमन यांची ओळ.’ गावाला काय बोलायचं ते बोलू दे. म्युकेला एक वर्ष पुरेल.

१४ तारखेला तुमच्या गटाला दुसरी गाईड येईल, फ्राउ नोआक. चांगली सांगते, माझ्यापेक्षा कमी विनोद करते. संग्रहालयात जा. मी बारा वाजता कमानीच्या डाव्या बाजूला उभा असेन. तू आली नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होतो. चालणार नाही. पण तो तुझा प्रश्न आहे.

एकार्ट


गोर्लिट्झ, १७ जून

प्रिय रोसविता,

फ्राउ हेर्त्सोग सांगत होत्या की तू तिसऱ्या कपाटापुढे वीस मिनिटं उभी होतीस. तुझ्याबरोबरच्या बायका चांदीचे पेले बघून परत आल्या, तरी तू तिथेच. रखवालदारानं खुर्ची आणली तर त्याला म्हणालीस, “मला खुर्ची नको. ही काच कुणी पुसतं का नाही?”

कमानीपाशी मी साडेअकरापासून होतो. फ्राउ नोआकनं तुमच्या गटाला प्रयोग करून दाखवला, बायका खाचेत गाणी म्हणाल्या, हसल्या आणि जेवायला पुढे गेल्या. तू मागे राहिलीस. केस सगळे पांढरे झालेत. चालणं बाबांसारखं, डावा खांदा पुढे. माझ्याकडे न बघता तू उजव्या खांबाशी गेलीस. मला वाटलं, आता ती जुनी शिवी ऐकू येणार. मी तयार होतो.

“एकार्ट.”

धाकट्या नाही, एकार्ट.

“हं.”

“तो कबरस्तानाचा कागद आणलायस?”

“दुसरा आणलाय, खिशात आहे.”

“पेन?”

“आहे.”

“मग उभा काय राहिलायस खांबासारखा? आण इकडे.” मी निघालो तर दगडातून पुन्हा आवाज आला. “आणि हे बघ. तुझं मी नंतर बघते. आधी त्यांचं.”

नंतर म्हणजे कधी, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. कबरस्तानात तू एकटीच गेलीस, मी फाटकाशी थांबलो. अर्ध्या तासानं बाहेर आलीस तेव्हा तुझ्या हातात ती हिरवी चिठ्ठी होती, चुरगळलेली. बसमध्ये चढताना ती माझ्या हातात कोंबलीस, “ही टाकून दे” म्हणालीस आणि पलीकडच्या बाजूला बसलीस.

आज सकाळी फॉर्म कचेरीत दिला. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला, वीस वर्षं वाढवून दिली. नक्कल सोबत पाठवतो, जपून ठेव. ‘मयताशी नातं’ या रकान्यात तू ‘मुलगी’ लिहिलं आहेस. पेन इतका दाबून धरलास की फॉर्मखाली ठेवलेल्या माझ्या वहीवरही तो शब्द उमटला आहे.

एकार्ट